विश्लेषण : स्पोर्ट्स कार घेतली, पण चालवायला शिकायचे कुठे? प्रशिक्षण संस्था निवडताना काय पाहावे?

आरटीओच्या मैदानावर इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला, गाडी मागे घेऊन दाखवली की हलक्या मोटारीचे लायसन्स मिळते. त्याच लायसन्सवर 80 अश्वशक्तीची हॅचबॅक चालवता येते आणि 600 अश्वशक्तीची लॅम्बोर्गिनीसुद्धा. कायद्याच्या लेखी दोन्ही 'एलएमव्ही'. दुचाकीच्या लायसन्समध्ये निदान गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे. मोटारीची ताकद सातपट वाढली तरी वेगळी परीक्षा नाही, वेगळा सराव नाही.

शोरूममध्ये हार घालून, नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी बाहेर पडते. डिलिव्हरीच्या वेळी मोबाइल कसा जोडायचा हे नीट समजावले जाते, 'स्पोर्ट' आणि 'स्पोर्ट प्लस' मोडची बटणेही दाखवली जातात. ती बटणे दाबल्यावर ओल्या वळणावर मागची चाके काय करतील, हे सांगण्याची सोय शोरूमच्या आवारात नसते. त्यासाठी 'हाय परफॉर्मन्स ड्रायव्हिंग'चे प्रशिक्षण असते. भारतात ते मिळते, परदेशात अधिक सहज मिळते. मात्र या नावाखाली जे विकले जाते त्यातले बरेच काही प्रशिक्षण नसून करमणूक असते. दोन्हींचे शुल्क भरघोस असल्यामुळे फरक आधी कळलेला बरा.

मुळात शिकण्यासारखे काय असते?

वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरच्या मोटारीला ताशी 100 किमीवरून थांबायला ढोबळमानाने 43 मीटर लागतात. ताशी 200 वरून 171 मीटर. त्यात धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा एक सेकंद धरला, तर पहिला आकडा 71 होतो आणि दुसरा जवळपास सव्वादोनशे मीटर. रस्ता ओला असेल तर ब्रेकचे अंतर दुपटीच्या आसपास जाऊ शकते. हे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचे आहे, पण पोटात त्याचा अंदाज नसतो. रोजच्या वाहतुकीत ताशी 60 च्या वर पूर्ण जोर लावून ब्रेक मारण्याची वेळ बहुतेकांवर कधी आलेलीच नसते.

आणि वेळ आली तरी लोक ब्रेक पुरेसा दाबत नाहीत. मर्सिडीज-बेंझने सिम्युलेटरवर चालकांचे निरीक्षण केले तेव्हा हेच दिसले. त्यातून 1996 मध्ये 'ब्रेक असिस्ट' ही यंत्रणा आली, जी पायाची घाई ओळखून उरलेला जोर स्वतः लावते. आपल्याकडे त्यात आणखी एक सवय मिसळते. जुन्या गाड्यांवर शिकवलेल्या वडीलधाऱ्यांनी 'ब्रेक पंप कर' असे बजावलेले असते. एबीएस असलेल्या गाडीत हे उलटे आहे: पेडल पूर्ण दाबायचे, पायाखाली थरथर जाणवली तरी सोडायचे नाही आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. वाचायला एक वाक्य, पण अंगात मुरायला वीस-पंचवीस वेळा करावे लागते.

दुसरी गोष्ट टायरच्या पकडीची. पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते, रक्कम ठरलेली. सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळणासाठी काही उरत नाही. घाटात वेग जास्त झाला असे वळणाच्या मध्यावर लक्षात येते, घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला जातो, गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि हलकी झालेली मागची बाजू बाहेर सरकते. पोर्शे 911 सारख्या, मागच्या आसाच्याही मागे इंजिन असलेल्या गाडीत हा स्वभाव जुन्या मॉडेलमध्ये फार बदनाम होता. आज इलेक्ट्रॉनिक्स बरेच सांभाळून घेते. पण इलेक्ट्रॉनिक्सकडेही तोच पगार असतो, त्याला ओव्हरटाइम मिळत नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. तशा घटनेवर कोणतीही ट्रॅकवरची शाळा हा उपाय नाही. तिथे प्रश्न चावी कोणाच्या हातात दिली हाच आहे. शाळेचा उपयोग आहे तो कायद्याने पात्र असलेल्या, शुद्धीत असलेल्या आणि तरीही आपल्या गाडीला न ओळखणाऱ्या मालकाला.

ट्रॅक डे, कंपनीचा 'एक्सपिरियन्स' आणि शाळा यांत फरक काय?

ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून ट्रॅक वापरायला मिळणे. सुरक्षेची सूचना होते, झेंड्यांचे अर्थ सांगितले जातात आणि ज्याची त्याची गाडी, ज्याचा त्याचा वेग. शिकवणारा कोणी असेलच असे नाही.

मर्सिडीज-एएमजी, बीएमडब्ल्यू, ऑडी, पोर्शे यांसारख्या कंपन्या वेळोवेळी ग्राहकांना ट्रॅकवर नेतात. प्रशिक्षक चांगले असतात, गाड्या कंपनीच्या, जेवण उत्तम, फोटो झकास. मात्र अशा कार्यक्रमाचा एक हेतू गाडी विकणे हा असतो आणि त्यात वावगे काही नाही. बहुतेकदा पुढे प्रशिक्षकाची गाडी आणि मागे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग असते, सूचना वॉकीटॉकीवर. पुढच्या गाडीतला प्रशिक्षक मागच्याला फक्त आरशात पाहतो. त्याचा उजवा पाय कधी उचलला जातो, नजर कुठे असते, स्टिअरिंग किती घट्ट धरले आहे हे त्याला दिसत नाही.

शाळेत एकेक कौशल्य सुटे करून शिकवले जाते. याचा चांगला नमुना दुचाकीवाल्यांनी भारतात आधीच पाहिला आहे. कीथ कोड यांनी 1980 मध्ये अमेरिकेत सुरू केलेली 'कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल' चेन्नईच्या ट्रॅकवर वर्ग घेत आली आहे. तिथे प्रत्येक फेरीला एकच सराव ठरलेला असतो, फेरी संपली की प्रशिक्षक बाजूला बसवून चूक दाखवतो आणि पुढची पायरी आधीची जमल्यावरच. मोटारीची शाळा तपासताना हाच साचा डोळ्यांसमोर ठेवला तरी अर्धे काम होते.

मग विचारायचे काय?

पहिला प्रश्न, आणि खरे तर सर्वांत महत्त्वाचा: प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती मिनिटे? 'पूर्ण दिवस' या शब्दावर जाऊ नये. बुद्ध इंटरनॅशनल सर्किटची एक फेरी 5.125 किमीची. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला नवख्या हातात ती अडीच-तीन मिनिटे घेते. समजा दिवसभरात दहा फेऱ्या मिळाल्या, तर हातात आले जेमतेम अर्धा तास. उरलेल्या वेळात नाश्ता, भाषण, रांग आणि रील. त्याउलट मोकळ्या डांबरी मैदानावर कोन मांडून ब्रेकचा आणि अडथळा चुकवण्याचा सराव घेणारी शाळा त्याच दिवसात दोन तास देऊ शकते. फोटो तितके भारी येत नाहीत, एवढेच.

दुसरा प्रश्न प्रशिक्षकाचा. एका प्रशिक्षकामागे किती जण आणि तो शेजारच्या सीटवर बसणार की नाही? बसणार नसेल तर गाडीतला कॅमेरा किंवा डेटा लॉगर आहे का, जेणेकरून नंतर ब्रेकचा आलेख समोर ठेवून बोलता येईल? प्रशिक्षकाने किती शर्यती जिंकल्या याला मालक मंडळी फार महत्त्व देतात. वेगात चालवता येणे आणि दुसऱ्याला शिकवता येणे ही वेगळी कौशल्ये आहेत, हे क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांना सांगायला नको. एफएमएससीआय ही भारतातील मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना आहे. तिच्याशी संस्थेचा आणि प्रशिक्षकांचा संबंध काय, हे विचारणे मात्र योग्य.

सकाळी पहिला सराव कोणता, यावरूनही शाळा ओळखता येते. चांगली शाळा आधी बसायला शिकवते: पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आले पाहिजे, ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. मग नजर. गाडी तिकडेच जाते जिकडे चालक पाहतो, त्यामुळे घसरताना भिंतीकडे पाहणारा भिंतीवर जातो. त्यानंतर ब्रेक, मग वळण आणि पाणी सोडलेल्या गुळगुळीत जागेवर घसरलेली गाडी सावरणे. ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्या सर्वांत शेवटी. पहिल्याच तासाला 'टॉप स्पीड किती गाठला' हे विचारणाऱ्या संस्थेकडून शिकण्यासारखे फार नसते.

हेल्मेट, रुग्णवाहिका, आग विझवणारे पथक, बंद पडलेली गाडी उचलणारी क्रेन, ओव्हरटेक कुठे करू देतात आणि कुठे नाही, हे सगळे लेखी मागावे. हेल्मेट स्वतःचे घ्यायचे असेल तर 'स्नेल एसए' प्रतीचे मोटारीसाठीचे घ्यावे. 'एम' प्रतीचे दुचाकीसाठी असते. मोटारीच्या हेल्मेटला आग सोसण्याचीही चाचणी असते.

स्वतःची गाडी न्यावी की त्यांची वापरावी?

मालकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते: एवढी महाग गाडी घेतली ती शिकण्यासाठी दुसऱ्याची वापरायला का? पहिल्या वेळी तरी शाळेची, कमी ताकदीची गाडी घेणे शहाणपणाचे आहे. कारण साधे आहे. 100-120 अश्वशक्तीच्या गाडीत चूक झाली की ती चूक म्हणून दिसते: टायर कुरकुरतात, नाक बाहेर जाते, वेळ कमी पडत नाही. 600 अश्वशक्तीच्या गाडीत तीच चूक इलेक्ट्रॉनिक्स झाकून टाकते आणि चालकाला आपण फार छान चालवतो असे वाटत राहते. शिवाय स्वतःच्या गाडीत निम्मे लक्ष 'कुठे घासली तर' याकडेच असते.

भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयनचे वडील राष्ट्रीय रॅली विजेते. घरात गाड्यांची परंपरा असलेला हा मुलगाही 1992 मध्ये फ्रान्समधील एल्फ विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकायला गेला. चार वेळा जगज्जेता ठरलेला ॲलन प्रॉस्टही त्याच शाळेतून पुढे आला. फॉर्म्युला मोटारींच्या अशा शाळा शर्यतीत उतरू पाहणाऱ्यांसाठी असतात. रविवारी सकाळी लोणावळ्याला जाणाऱ्या मालकाला शर्यतीचे डावपेच शिकण्याची गरज नाही. पण हलक्या, कमी ताकदीच्या मोटारीत पाया घालायचा ही त्यांची पद्धत त्यालाही लागू पडते.

दुसऱ्या टप्प्यात स्वतःची गाडी न्यावी, तेव्हा तयारी गाडीचीही हवी. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. 'डॉट 4' प्रतीच्या नव्या द्रवासाठी किमान 230 अंश सेल्सिअस ही अट असते, ओलावा शोषलेल्या द्रवासाठी 155. ट्रॅकवर ब्रेक सलग तापतात, द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जाते. म्हणून जाण्याआधी फ्लुइड बदलणे हा नखरा नव्हे. टायरमधली हवा गरम झाल्यावर वाढते, तीही फेऱ्यांच्या मध्ये तपासावी लागते. शेवटची फेरी ब्रेक न वापरता, थंड होण्यासाठी. आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची.

भारतात जागा कुठे आहेत?

मुख्य ट्रॅक महाराष्ट्राबाहेर आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागातील 3.7 किमीचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरजवळचा 2.1 किमीचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट, जिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि 2023 मध्ये मोटोजीपी. पुणे-मुंबईहून यातला कोणताही हजार किलोमीटरहून दूर. स्वतःची गाडी न्यायची तर बंदिस्त ट्रेलरचा खर्च शुल्कात मनातल्या मनात मिळवूनच तुलना करावी. शाळेची गाडी वापरण्याच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा.

बुद्धचे आकर्षण समजण्यासारखे आहे. पण नवख्याला एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा शिकवत काही नाही, तिथे फक्त इंजिन काम करते. कारी लहान आहे, वेग कमी आणि वळणे पुन्हा पुन्हा येतात. तासाभरात तेच वळण वीस वेळा मिळणे हे शिकणाऱ्याच्या फायद्याचे. ज्यांच्या नावावरून तो ओळखला जातो त्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन लावून स्वस्तातल्या फॉर्म्युला मोटारी बनवल्या होत्या, हेही या संदर्भात आठवण्यासारखे.

ट्रॅक दूर आहे म्हणून द्रुतगती मार्गावर 'सराव' करणाऱ्यांसाठी: सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समृद्धी महामार्गावरही मोटारीची मर्यादा ताशी 120 आहे.

अमेरिकेतील मराठी मालकांपुढे पर्याय कोणते?

तिथे प्रश्न उलटा: पर्याय फार. बॉब बॉन्ड्युरंट यांचा 1967 मध्ये वॉटकिन्स ग्लेनला शर्यतीत भीषण अपघात झाला. बरे होत असताना त्यांनी शाळेचा आराखडा केला आणि 1968 मध्ये ती कॅलिफोर्नियात सुरू झाली. पुढे ती ॲरिझोनात गेली, 2021 पासून तिचे नाव 'रॅडफोर्ड'. डॉज कंपनी आपल्या एसआरटी गाड्यांच्या खरेदीदारांना याच शाळेत एक दिवसाचे प्रशिक्षण देत आली. शेवरोलेचा कोर्व्हेट मालकांसाठीचा वर्ग नेवाडातील स्प्रिंग माउंटन ट्रॅकवर होतो. नवी गाडी घेताना असा वर्ग सोबत मिळतो का, हे डीलरला आधी विचारावे.

याहून स्वस्त आणि शिकण्याच्या दृष्टीने बरेचदा सरस मार्ग मालकांच्या क्लबांचा. 'पोर्शे क्लब ऑफ अमेरिका' किंवा 'बीएमडब्ल्यू कार क्लब ऑफ अमेरिका' यांच्या प्रशिक्षण दिवसांत नवख्यांच्या शेजारी स्वयंसेवक प्रशिक्षक बसतो, गट अनुभवानुसार केलेले असतात. घरात नुकतेच लायसन्स मिळालेली मुले असतील तर बीएमडब्ल्यू क्लबच्या प्रतिष्ठानचा 'स्ट्रीट सर्व्हायव्हल' हा उपक्रम पाहावा. मुले घरच्याच गाडीत, मोकळ्या मैदानावर ब्रेक आणि घसरण अनुभवतात. त्याला स्पोर्ट्स कार लागत नाही.

विमा आणि आगाऊ पैसे

खासगी मोटारीच्या भारतीय विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. आयोजित शर्यत, पेसमेकिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नाही, असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. प्रशिक्षण ही शर्यत नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण दावा नाकारल्यावर तो करत बसण्यापेक्षा आधी विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घेणे सोपे. गाडीच्या वॉरंटीच्या पुस्तिकेतही ट्रॅकवरील वापराबद्दलचे कलम शोधावे. संस्थेची गाडी आपटली तर किती रक्कम आपल्याला भरावी लागेल, ट्रॅकच्या कठड्याचे नुकसान कोणाच्या माथी, हे सही करायच्या बाँडमध्ये असते. तो बाँड सकाळी काउंटरवर पहिल्यांदा पाहू नये, आठवडाभर आधी मागवावा.

मोठे नाव म्हणजे पैसे सुरक्षित असेही नाही. अमेरिकेतील 1975 पासूनची स्किप बार्बर रेसिंग स्कूल 2017 मध्ये आणि बॉन्ड्युरंट 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दोन्ही पुढे नव्या मालकांकडे गेल्या आणि सुरू राहिल्या. पण दिवाळखोरीत आगाऊ पैसे भरलेला विद्यार्थी हा इतर देणेकऱ्यांच्या रांगेतला एक होऊन बसतो. पूर्ण रक्कम एकदम न भरता तारीख पक्की झाल्यावर भरणे आणि शक्यतो क्रेडिट कार्डाने भरणे बरे.

तारीख निवडताना हवामानही पाहावे. चेन्नईत एप्रिल-मेच्या उन्हात चालक, टायर आणि ब्रेक तिघेही लवकर थकतात, तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला पावसाळा. ग्रेटर नोएडात डिसेंबर-जानेवारीचे धुके सकाळचे तास खाते. पाऊस पडल्यास वर्ग रद्द होणार, पुढे ढकलणार की ओल्या ट्रॅकवर चालणार, हे बुकिंगच्या अटींत पाहावे. विजा चमकत नसतील आणि पाणी साचलेले नसेल, तर ओल्या ट्रॅकवर वर्ग घेणारी संस्था निवडायला हरकत नाही. मुंबई-पुण्याच्या मालकाला वर्षातले चार महिने तसाच रस्ता मिळतो.